४४०००१ : नागपूरच्या पिनकोडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (फक्त गणिताचे)

पार्सल कुठं अडकलं, टपाल कधी येईल, जीपीओ किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे इथं मिळणार नाही. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा जो पिनकोड आहे, ४४०००१, त्याच्याकडे निव्वळ एक मोठी संख्या म्हणून बघायचं. माझ्याकडे गणिताला येणारी पोरं आणि त्यांचे पालकही हे प्रश्न विचारून राहिले म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

प्र. हा आकडा आला कुठून? कोणी गणित करून ठरवला का?

नाही हो. पिनकोड देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामागं पोस्टातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर होते, जे संस्कृतचे कवी पण होते. पहिला अंक विभागाचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले दोन अंक ४० ते ४४ आले की महाराष्ट्र (४०३ सोडून, तो गोवा). पहिले तीन, ४४०, म्हणजे नागपूरचा छाटणी जिल्हा (टपालाची वर्गवारी करण्यासाठी आखलेला), आणि शेवटचे तीन त्यातलं पोस्ट ऑफिस, तर ००१ म्हणजे मुख्य ऑफिस. म्हणजे हा आकडा गणिताच्या दृष्टीनं अगदी आंधळेपणानं पडलेला आहे, कोणी वर्ग बघून नाही, घन बघून नाही, आणि म्हणूनच मला तो आवडतो, कारण मुद्दाम निवडलेल्या संख्येत गंमत सापडली तर त्यात नवल काय.

प्र. "मोठी संख्या" म्हणता, पण चार लाख चाळीस हजार एक ही कुठं मोठी आहे भाऊ?

खरं आहे, मोठी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ अशी आहे आणि तिच्यात ४ कोटी १० लाखांवर अंक आहेत. बँकेच्या वेबसाइटला कुलूप लावणाऱ्या २०४८ बिटच्या किल्ल्या असतात त्यांत ६१७ अंकी संख्या असते. त्यांच्यापुढं आपला पिनकोड म्हणजे काहीच नाही.

पण हातानं, वही पेनानं, जास्तीत जास्त साध्या मोबाईल कॅल्क्युलेटरवर करायचं म्हटलं तर सहा अंकी संख्या अगदी बरोबर मापाची आहे. नुसतं बघून उत्तर येत नाही आणि एका दुपारीत सगळं तपासून होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दुसरं करायचं तरी काय असतं.

प्र. ही मूळ संख्या आहे का? शेवटी १ आहे, दिसते तर तशीच.

शेवटी १ आहे म्हणजे २ नं भाग जात नाही आणि ५ नं जात नाही, एवढंच सिद्ध होतं. बाकी काही नाही. दहापैकी आठ पोरं इथंच फसतात, कारण मध्ये तीन शून्य आणि शेवटी एकटा १ बघितला की संख्या कशी कडक वाटते.

अंकांची बेरीज करा: ४+४+०+०+०+१ = ९. झालं. ९ नं भाग जातो.

४४०००१ = ९ × ४८८८९ = ३ × ३ × ४८८८९

आणि ४८८८९ ही मूळ संख्या आहे, तिला आणखी फोडता येत नाही. म्हणजे आपला पिनकोड संयुक्त संख्या आहे, मूळ अवयव दोनच, ३ (दोनदा) आणि ४८८८९.

प्र. अंकांची बेरीज ९ आली की ९ नं भाग जातो, हे पाठ आहे. पण काऊन?

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडून तर्री पोहे.

१ लाख म्हणजे ९९९९९ + १. दहा हजार म्हणजे ९९९९ + १. म्हणजे ४ लाखांमधून ९ चे सगळे गठ्ठे काढून टाकले तर हातात ४ उरतात, ४० हजारांतून काढले तर परत ४ उरतात, आणि शेवटचा १ आहेच. उरलेले सगळे गोळा केले, ४+४+१ = ९, त्यांचाही एक गठ्ठा होतो, बाकी शून्य. बस, एवढंच आहे. शाळेत "कसोटी" म्हणून पाठ करून घेतात आणि हे दोन ओळींचं कारण सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो.

यातून अजून एक गोष्ट निघते जी पुढं सगळीकडे लागणार आहे. ही कसोटी आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून चालते. "९ नं भाग जाणं" हा संख्येचा स्वतःचा गुण आहे, तो कुठंही जाणार नाही, रोमन अंकांत लिहा, बायनरीत लिहा. पण "अंकांची बेरीज ९ आहे" हा आपल्या लिखाणाचा गुण आहे, लिखाण बदललं की तो गेला. खाली बऱ्याच उत्तरांत मी सांगत जातो की हा गुण संख्येचा की लिखाणाचा, कारण इंटरनेटवर संख्यांच्या नावाखाली जे काही फिरतं त्यातलं बहुतेक सगळं लिखाणाचं असतं आणि ते सांगत कोणी नाही.

प्र. ४८८८९ मूळ आहे हे कशावरून? तुम्ही म्हणता म्हणून?

नाही, तुम्ही स्वतः तपासा, त्यासाठीच तर हा आकडा घेतला.

एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचे दोन भाग होतात आणि दोन्ही भाग एकाच वेळी वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, नाहीतर गुणाकारच संख्येच्या बाहेर जाईल. ४८८८९ चं वर्गमूळ २२१ च्या किंचित वर आहे (२२१ चा वर्ग ४८८४१). म्हणजे २२१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचं, त्यापुढं जायची गरजच नाही. २२१ पर्यंत मूळ संख्या ४७ आहेत, त्यातल्या २, ३, ५ बघताक्षणी बाद, राहिले ४४ भागाकार. ७ नं बाकी १. ११ नं बाकी ५. १३ नं ९. १७ नं १४. असं करत करत २११ पर्यंत जा, २११ नं बाकी १४८ येते, आणि कुठंच शून्य येत नाही. ९७ पाशी जरा धडधड होते कारण ९७ × ५०४ = ४८८८८, एकानं हुकतं.

लक्षात घ्या की आधी ९ काढून घेतले म्हणून काम २२१ वर आलं. पूर्ण ४४०००१ घेऊन बसले असते तर वर्गमूळ ६६३ च्या वर, म्हणजे तितक्या मूळ संख्या तपासा. म्हणून बारका अवयव दिसला की लगेच काढून बाजूला ठेवायचा, मग पुढं जायचं, हे परीक्षेतही लागू आहे.

प्र. एकूण विभाजक किती?

सहा. १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१. बस.

स्वतःला सोडून बाकी पाचांची बेरीज १९५५६९ येते, म्हणजे संख्येच्या निम्म्यापेक्षाही कमी. ही बेरीज संख्येपेक्षा कमी भरली की तिला न्यून संख्या म्हणतात. तुलनेला अगदी शेजारचा ४४०००० बघा: २ सहा वेळा, ५ चार वेळा आणि ११ एकदा, विभाजक ७० होतात. एकाचा फरक, आणि एकाकडे सत्तर विभाजक तर दुसऱ्याकडे सहा. सलग संख्यांमध्ये सामाईक अवयव नसतोच (१ सोडून), त्यामुळं शेजाऱ्याचं वैभव शेजाऱ्यालाच. हा गुण पूर्णपणे संख्येचा, लिखाणाचा नाही.

प्र. १ ते ४४०००१ मध्ये याच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती?

२,९३,३२८. ६ गुणिले ४८८८८. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं इथं काही नाही.

प्र. तुम्ही वर्गात "४४ शून्य शून्य १" ची जी साखळी दाखवता ती काय आहे?

ही माझी सगळ्यात आवडती. ४४ आणि १ च्या मध्ये शून्य वाढवत जा. अंकांची बेरीज नेहमी ९ च राहणार, म्हणजे ९ नं भाग नेहमी जाणार, आता भागून काय मिळतं ते बघा:

४४१ = ९ × ४९
४४०१ = ९ × ४८९
४४००१ = ९ × ४८८९
४४०००१ = ९ × ४८८८९
४४००००१ = ९ × ४८८८८९

एकेक ८ वाढत जातो. आता उजवीकडचे आकडे बघा. ४९ हा ७ चा वर्ग, म्हणून ४४१ हा २१ चा वर्ग. ४८९ म्हणजे ३ × १६३. ४८८९ मूळ. ४८८८९ मूळ. वाटतं की आता गाडी लागली, पुढचाही मूळ असणार, पण ४८८८८९ च्या अंकांची बेरीज ४५ आहे, परत ९ नं भाग जातो, आणि भागून येतं ५४३२१. खरंच. करून बघा, ९ × ५४३२१ = ४८८८८९. मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर बघितलं तेव्हा परत दाबून बघितलं होतं.

आता खरं सांगायचं तर ५४३२१ दिसणं हा लिखाणाचा खेळ आहे. पण साखळीत कोण मूळ आहे आणि कोण नाही, ते संख्यांचं स्वतःचं आहे, आणि त्याला काही साधं सूत्र नाही, प्रत्येकाला वेगळं तपासावं लागतं. दोन सलग मूळ आले म्हणून तिसरा येईल असं धरून चालणारे लोक शेअर बाजारात पण असेच करतात.

प्र. ४४०००१ हा पूर्ण वर्ग आहे का? नसेल तर दोन वर्गांची बेरीज तरी?

पूर्ण वर्ग नाही. ६६३ चा वर्ग ४३९५६९ आणि ६६४ चा ४४०८९६, आपला मध्ये पडतो.

दोन वर्गांची बेरीज मात्र होते, आणि इथं खरं गणित आहे, जरा थांबा. फर्मा नावाच्या फ्रेंच माणसानं १६४० मध्ये सांगितलं की ज्या मूळ संख्येला ४ नं भागून बाकी १ उरते ती नेहमी दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती पण एकाच प्रकारे. त्यानं पूर्ण सिद्धता दिली नाही, ती अठराव्या शतकात ऑयलरनं दिली. आता ४८८८९ ला ४ नं भागा (शेवटचे दोन अंक ८९ भागले तरी चालतं), बाकी १. म्हणजे काही न शोधताच आपल्याला माहीत झालं की दोन वर्ग आहेत, फक्त कुठं लपले ते काढायचं. २२१ पासून खाली या, वर्ग वजा करत जा, उरलेलं वर्ग आहे का बघा. २२१ ला उरतात ४८, नाही. २२० ला ४८९, नाही. असं खाली येत येत २०८ पाशी थांबायचं: २०८ चा वर्ग ४३२६४, उरले ५६२५, आणि ५६२५ म्हणजे ७५ चा वर्ग! (५ नं संपणाऱ्यांचा वर्ग पाठ असेल तर लगेच दिसतं, ७ × ८ = ५६ आणि पुढं २५.)

४८८८९ = २०८ चा वर्ग + ७५ चा वर्ग

दोन्ही बाजूंना ९ नं, म्हणजे ३ च्या वर्गानं गुणा:

४४०००१ = ६२४ चा वर्ग + २२५ चा वर्ग

३८९३७६ + ५०६२५, बेरीज करून बघा. आणि याशिवाय दुसरी जोडी नाही, कितीही शोधा. ३ हा ४ नं भागून बाकी ३ उरणाऱ्या मूळ संख्यांपैकी आहे, असे अवयव जोडीनं आले तरच दोन वर्ग जमतात, आपल्याकडे ३ दोनदा आहे म्हणून निभावलं. १४६६६७ मध्ये (३ × ४८८८९) तो एकदाच आहे, त्याला दोन वर्गांत मांडताच येणार नाही.

याचाच पुढचा भाग: कर्ण ४४०००१ असलेला काटकोन त्रिकोण बनतो ज्याच्या बाजू पूर्णांक आहेत, ३३८७५१ आणि २८०८००. पायथागोरस लावून बघायचं असेल तर मोठा कॅल्क्युलेटर घ्या, काही मोबाईलमधला साधा कॅल्क्युलेटर अंक कापतो.

प्र. मग वर्गांची वजाबाकी?

ती तर सोपी, कुठलीही विषम संख्या होतेच. इथं तीन प्रकारे होते कारण विभाजकांच्या तीन जोड्या आहेत: २२०००१ आणि २२००००, ७३३३५ आणि ७३३३२, २४४४९ आणि २४४४०, प्रत्येकात मोठ्याचा वर्ग वजा लहानाचा वर्ग.

प्र. रामानुजनच्या १७२९ सारखी ही दोन घनांची बेरीज आहे का?

नाही, आणि हे एकही घन न काढता सांगता येतं.

दोन संख्यांच्या घनांची बेरीज केली तर त्या दोन संख्यांची नुसती बेरीज तिला भाग देते, आठवीचं सूत्र आहे. म्हणजे अशी जोडी असेल तर तिची बेरीज ४४०००१ चा विभाजक असली पाहिजे. आणि मापं बघितली तर ती बेरीज ७७ पेक्षा कमी येऊ शकत नाही, आणि १२० पेक्षा जास्त नाही. आपले विभाजक आहेत १, ३, ९, आणि मग थेट ४८८८९. ७७ ते १२० मध्ये कोणीच नाही. विषय संपला. विभाजक माहीत असले की किती काम वाचतं ते बघा.

पण १७२९ इथं वेगळ्याच दारानं येतो. ४४०००१ ला ४०९६ नं (म्हणजे २ चा बारावा घात) भागा, भागाकार १०७ आणि बाकी... १७२९. इंग्रज गणिती हार्डी टॅक्सीतून उतरला आणि म्हणाला टॅक्सीचा नंबर १७२९ काही खास नव्हता, आणि रामानुजन म्हणाला नाही, दोन घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी ही सर्वात लहान संख्या (१ आणि १२ चे घन, ९ आणि १० चे घन), तोच हा. याला अर्थ आहे का? काही नाही. ४०९६ नं भागलं की ४०९६ पैकी कोणतीतरी बाकी येणारच, आपल्या नशिबात ही आली. योगायोगाला योगायोग म्हणायचं, मजा घ्यायची आणि पुढं जायचं.

प्र. बायनरीत कशी दिसते?

११०१०११०११०११०००००१. एकोणीस अंक, त्यात दहा वेळा १. मध्ये ११० ११० ११० अशी लय लागते ती बघायला बरी वाटते. अंकांची बेरीज इथं दहा झाली बघा, नऊ गेली. म्हटलं होतं ना, लिखाण बदललं की तो गुण जातो. ९ नं भाग जाणं मात्र तसंच आहे.

प्र. कापरेकरांची ती ६१७४ वाली क्रिया यावर केली तर काय होतं?

हा खरा मराठी प्रश्न. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक, १९८६ मध्ये गेले, कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते, पण आकड्यांशी खेळण्यात जगात नाव केलं. त्यांची क्रिया अशी की अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर परत तेच करा. चार अंकी संख्या घेतली (सगळे अंक सारखे नसलेली) तर शेवटी ६१७४ वरच येऊन थांबते.

सहा अंकांना मात्र असं एकच घर नाही. दोन ठिकाणी थांबतात, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि तिसरं एक सात संख्यांचं रिंगण आहे, त्यात सापडलं की गोल गोल फिरत राहायचं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही सहा अंकी संख्या या तिघांपैकी एकीकडे जाते. आता आपला पिनकोड:

४४१००० − ०००१४४ = ४४०८५६
८६५४४० − ०४४५६८ = ८२०८७२
८८७२२० − ०२२७८८ = ८६४४३२
८६४४३२ − २३४४६८ = ६२९९६४
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

आणि ४२०८७६ आला की रिंगणात शिरलो. पुढं ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. बाहेर पडायचा रस्ता नाही. नागपूरची गाडी रिंग रोडवर चढली ती चढलीच.

प्रत्येक पायरीचं उत्तर ९ नं भाग जाणारं आहे, तपासून बघा, कारण दोन्ही संख्यांत अंक तेच, म्हणून ९ नं भागून बाकी तीच, वजाबाकीत ती उडून जाते. कुठं चुकलात तर हेच पहिलं तपासायचं, पोरं उधार घेताना घोळ करतात आणि मग सर माझं वेगळंच आलं म्हणतात.

कापरेकरांच्या अजून दोन गोष्टी इथं बसतात. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं, आपली आहे (आणि १७२९ पण आहे, १९ × ९१). दुसरी म्हणजे देवळाली संख्या, जी कोणत्याच संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. आपली तशी नाही, तिला जन्म देणारी आहे: ४३९९६५ घ्या, अंकांची बेरीज ३६, मिळवा, ४४०००१. हे सगळे लिखाणाचे गुण आहेत हे मान्य, काही मोठे गणिती याला हलकं समजतात. मी नाही समजत. दहावीच्या पोराला बीजगणिताच्या आधी संख्यांची ओढ लावायची तर याच्यासारखं साधन नाही.

प्र. उलटी लिहिली तर?

१०००४४. दोन्हींची बेरीज ५४००४५, उलट सुलट सारखी. कुठं हातचा येत नाही म्हणून असं होतं, यात जादू शोधू नका.

प्र. सलग संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

पाच प्रकारे. दोन संख्या: २२०००० + २२०००१. तीन: १४६६६६ + १४६६६७ + १४६६६८. सहा संख्या ७३३३१ ते ७३३३६, नऊ संख्या ४८८८५ ते ४८८९३ (बरोबर मध्ये आपली मूळ संख्या बसली आहे), आणि अठरा संख्या २४४३६ ते २४४५३. पाचच का, तर जितके विषम विभाजक त्यातून एक कमी, इतके प्रकार होतात, आणि आपले सहाच्या सहा विभाजक विषम आहेत. ४४०००० ला सत्तर विभाजक असले तरी विषम दहाच आहेत, त्यामुळं इथं त्याला फक्त नऊ प्रकार मिळतात.

प्र. मूलांक ९ येतो, मंगळाचा अंक. या पिनकोडात ऑफिस घेणं लकी का?

दर नववी संख्या अशीच असते हो. सहा अंकी संख्या एकूण ९ लाख, त्यातल्या बरोबर १ लाखांचा मूलांक ९. ऑफिस घेताना पार्किंग बघा.

प्र. मग ९ नं भाग जातो तो चूक पकडण्यासाठी मुद्दाम ठेवला असेल? आधारमध्ये असतो तसा?

नाही. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक तपासणीचाच असतो, व्हरहॉफ नावाच्या पद्धतीनं काढतात, एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर लगेच समजतं. पिनकोडात असं काहीच नाही, शेवटचे तीन अंक म्हणजे पोस्ट ऑफिसचा नंबर. ४४०००२ पण खरा पिनकोड आहे आणि त्याला ९ नं भाग जात नाही.

आणि समजा ९ चा नियम असता तरी तो कामाचा नसता, कारण लोक जी चूक सर्वात जास्त करतात, दोन अंकांची अदलाबदल, ती त्यात पकडलीच जात नाही. ४४००१० बघा. अंक तेच, बेरीज तीच, ९ नं भाग तसाच जातो, आणि पाकीट गेलं धरमपेठेला.

प्र. बरं आठवलं, धरमपेठेच्या ४४००१० चं काय?

४४००१० = २ × ३ × ३ × ५ × ४८८९. वरच्या साखळीतला ४८८९ ओळखला का? ४४००१ ला दहानं गुणलं की हाच आकडा येतो. विभाजक २४, म्हणजे जीपीओच्या चौपट. धरमपेठवाले हे ऐकून खुश होतात, काय कारण माहीत नाही.

त्याला लागून जो आकडा येतो, ४४००११, तो तर फारच देखणा आहे:

४४००११ = ११ × १३ × १७ × १८१

सलग तीन मूळ संख्या ११, १३, १७ आणि वर १८१. हे शोधायची युक्ती सांगतो. ४४०००० ला ११ नं भागून बाकी ०, १३ नं बाकी २, १७ नं बाकी ६. आता ११ मिळवा: ११, १३, १७. तिन्ही एकदम फिटले. एका संख्येच्या बाक्या लिहून ठेवल्या की तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांचा हिशेब बसल्या जागी होतो.

प्र. ४४०००१ सेकंद म्हणजे किती वेळ?

५ दिवस २ तास १३ मिनिटं २१ सेकंद. हा प्रश्न का विचारतात मला आजवर कळलं नाही पण विचारतात.

प्र. माझं गाव नागपूर नाही, आमच्या पिनकोडाचं करायचं तर सुरुवात कुठून?

आधी २, ३, ५, ११ च्या कसोट्या लावा, मग ७ पासून एकेक मूळ संख्या, अवयव सापडला की काढून टाका आणि उरलेल्याचं नवीन वर्गमूळ बघा. वर्ध्याचा ४४२००१ सातलाच पडतो, ७ × ६३१४३. अमरावतीचा ४४४६०१ तेरापाशी एकानं हुकतो (१३ × ३४२०० = ४४४६००) आणि सतराला सापडतो, १७ × २६१५३. अकोल्याचा ४४४००१ मात्र चिवट आहे, ३७ पाशी बाकी १ ठेवून निसटतो कारण ४४४००० म्हणजे ३७ × १२०००, आणि त्याचं वर्गमूळ ६६६ च्या वर जातं, तेव्हा अकोलेकरांनी ४१ पासून सुरू करून ६६१ पर्यंत जायची तयारी ठेवूनच बसावं, पाण्याची बाटली जवळ घेऊन.